परदेशातील चाकरी आणि दोन सरकारांचा कर
(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

अष्टविनायकांची यात्रा मोरगावच्या मयूरेश्वरापासून सुरू होते आणि बाकीची सात स्थाने करून यात्रेकरू पुन्हा मोरगावी आला म्हणजे ती पुरी झाली असे मानतात. जाणे जितके महत्त्वाचे, तितकेच परत येणेही महत्त्वाचे, असा या प्रथेचा अर्थ आहे. पोटासाठी परदेशी जाणाऱ्या आपल्या भागातील तरुणांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. जाताना सारे गाव निरोप देते, पासपोर्ट आणि व्हिसा यांची चौकशी होते. पण त्या माणसाने तेथे मिळवलेला पैसा कोणत्या वाटेने घरी परत येतो, वाटेत त्यावर कोणाकोणाचा हक्क लागतो, याचा विचार मात्र बहुधा नोटीस हाती पडल्यावरच होतो.

हा विचार आधीच करून ठेवणारा एक नवा व्यवसाय गेल्या काही दशकांत उभा राहिला आहे. परदेशात नोकरी करणाऱ्यांना करविषयक सल्ला देणे, हे त्याचे स्वरूप. कला महाविद्यालयाच्या वार्षिकात या विषयाला जागा कशासाठी, असा प्रश्न कोणास पडेल. हा विषय वाणिज्य शाखेचा आणि सनदी लेखापालांचा आहे अशी आपली समजूत असते. ती समजूत अर्धीच खरी आहे, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्या भागाशी संबंध

बारामती तालुक्याचे दोन चेहरे आहेत. नीरेच्या डाव्या कालव्याखालचा दक्षिणेकडील भाग उसाने हिरवा झाला. मोरगाव, सुपे हा कऱ्हेकडचा भाग मात्र जिरायती राहिला. पाऊस कमी, विहिरींना पाणी बेताचे, त्यामुळे घरातील एक तरी मुलगा नोकरीसाठी बाहेर पडणे ही येथील जुनी रीत. पूर्वी तो मुंबईला किंवा पुण्याला जाई. आता त्याची वाट हिंजवडीवरून म्युनिकला, न्यू जर्सीला किंवा दुबईला जाते.

शेजारच्या इंदापूर तालुक्यात १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. साखर कारखान्याच्या यंत्रांवर हात बसलेल्या तंत्रज्ञांच्या पिढ्या या परिसरात तयार झाल्या. केनिया, युगांडा, टांझानिया या पूर्व आफ्रिकेतील देशांतही साखर कारखाने आहेत आणि अशा कसबी माणसांची तेथे गरज असते. उलट दिशेनेही रहदारी आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ आणि फरेरो या इटालियन मुळाच्या कंपन्यांचे कारखाने आहेत. एखादे नवे यंत्र बसवून देण्यास इटलीहून अभियंता आला, तर त्याच्या पगारावर कर कोणी घ्यायचा, इटलीने की भारताने, हा प्रश्न बारामतीतच उभा राहतो. म्हणजे हा विषय आपल्यापासून दूर नाही.

दुअंमलाचा जुना अनुभव

एका उत्पन्नावर दोन सत्तांनी हक्क सांगावा, ही गोष्ट मराठी मुलखाला नवीन नाही. आपल्या इतिहासात यास दुअंमल म्हणत. मोरगावच्या शेजारचे सुपे हे शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीचे ठिकाण. या टापूने निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि मराठे अशा सत्तांचे अंमल पाहिले. पुढे १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतला. वसुलाचा चौथा हिस्सा म्हणजे चौथाई आणि दहावा हिस्सा म्हणजे सरदेशमुखी. बादशहाचा वसूल राहिलाच, शिवाय मराठ्यांचा हिस्साही कागदोपत्री मान्य झाला. दोन सत्तांनी एका उत्पन्नातील आपापला वाटा लिहून ठरवून घेतला, एवढाच या उदाहरणाचा येथे उपयोग. त्या वाटणीत रयतेला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

आधुनिक काळात फरक पडला तो येथे. पहिल्या महायुद्धानंतर निरनिराळ्या देशांनी आयकराचे दर भराभर वाढवले आणि एकाच माणसाला दोन देशांत पूर्ण कर भरावा लागू लागला. राष्ट्रसंघाने हा प्रश्न चार अर्थतज्ज्ञांकडे सोपवला. त्यांचा अहवाल १९२३ साली आला आणि १९२८ साली कराराचे पहिले नमुने तयार झाले. १९६३ साली आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने आपला मसुदा प्रसिद्ध केला, तर विकसनशील देशांची बाजू लक्षात घेऊन संयुक्त राष्ट्रांनी १९८० साली आपला नमुना पुढे ठेवला. आज भारताचे नव्वदहून अधिक देशांशी असे करार आहेत. दुहेरी करापासून त्या माणसाची सुटका करणे हे या करारांचे घोषित प्रयोजन आहे. रयतेचा विचार आता कराराच्या शीर्षकातच आला, असे म्हणावयास हरकत नाही.

निवासी कोण?

आयकराच्या दृष्टीने पहिला प्रश्न 'तू कोणत्या देशाचा नागरिक?' हा नसून 'तू कोठे राहिलास?' हा आहे. भारतात निवासी ठरलेल्या आणि कायम येथे राहणाऱ्या माणसाला जगात कोठेही मिळालेले उत्पन्न येथे दाखवावे लागते. अनिवासी माणसाला केवळ भारतात उगम पावलेले किंवा भारतात मिळालेले उत्पन्न दाखवावे लागते. परदेशात काम करून परदेशातच घेतलेला त्याचा पगार भारताच्या कराबाहेर राहतो.

निवास ठरतो तो दिवसांच्या मोजणीने. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिलेला माणूस निवासी. चालू वर्षी ६० दिवस आणि मागील चार वर्षांत मिळून ३६५ दिवस राहिलेलाही एरवी निवासी ठरतो. पण नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षापुरती सवलत आहे. त्याच्या बाबतीत ६० च्या जागी १८२ दिवसच धरतात. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा घेणारा २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ या तारखेपासूनचा आहे. त्यात भाषा सोपी केली, 'मागील वर्ष' व 'आकारणी वर्ष' ही जोडी काढून 'कर वर्ष' हा एकच शब्द आणला, परंतु दिवसांचे हे मूळ गणित तेच ठेवले.

हे गणित संसारात कसे शिरते ते पाहा. २०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती आणि दसरा २ ऑक्टोबरला. समजा, आपल्या भागातील एक साखर तंत्रज्ञ केनियातील नोकरीसाठी निघाला. गणपती विसर्जन करून तो ७ सप्टेंबरला निघाला असता, तर १ एप्रिलपासून त्याचे भारतातील दिवस भरतात १६०, तो अनिवासी. "एवढा दसरा करून जा," असे आईने म्हटले आणि तो ३ ऑक्टोबरला निघाला, तर दिवस भरतात १८६, तो निवासी. मग पुढच्या सहा महिन्यांचा केनियातील पगार त्याला भारताच्या विवरणपत्रात दाखवावा लागेल. त्या पगारातून केनियाने आधीच कर कापलेला असेल तो वेगळाच. त्या वर्षी सीमारेषा २८ आणि २९ सप्टेंबर यांमध्ये होती. २८ तारखेपर्यंत १८१ दिवस, २९ ला १८२.

म्हणून आईचे म्हणणे मोडावे, असे कोणी समजू नये. दसऱ्याचे सोने लुटून जाण्याची किंमत किती, हे आधी माहीत असावे आणि मग घरच्यांनी ठरवावे. सल्लागाराचे काम एवढेच की, तिकीट काढण्यापूर्वी हा आकडा घरासमोर ठेवणे. तिकीट निघाल्यावर, आणि वर्ष संपल्यावर तर नक्कीच, तोच आकडा निरुपयोगी होतो.

येथे आणखी एक अडचण आहे. प्रत्येक देशाचे वर्ष वेगळे. आपले एप्रिल ते मार्च. केनिया, जर्मनी, अमेरिका यांचे जानेवारी ते डिसेंबर. ब्रिटनचे ६ एप्रिल ते ५ एप्रिल. ऑस्ट्रेलियाचे जुलै ते जून. एकाच माणसाचे एकच काम दोन निरनिराळ्या वर्षांच्या चौकटींत विभागले जाते. ते तुकडे जुळवून दाखवणे हे या व्यवसायातील रोजचे काम आहे.

आखाती देशांची गोष्ट थोडी निराळी आहे. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर आयकर नाही. २०२० साली भारताने असा नियम केला की, ज्या भारतीय नागरिकाचे परदेशी उत्पन्न वगळून बाकीचे उत्पन्न पंधरा लाखांहून अधिक आहे आणि जो निवासाच्या कारणाने कोणत्याच देशात करपात्र नाही, त्यास भारतात निवासी मानावे. आखातात राबणाऱ्या साध्या कामगारांत त्यामुळे घबराट उडाली. त्यांच्या तेथील पगारावर भारत कर घेणार नाही, असा खुलासा सरकारला २ फेब्रुवारी २०२० रोजी करावा लागला.

जमिनीचा प्रश्न

कराच्या कायद्यातील अनिवासी आणि परकीय चलनाच्या कायद्यातील अनिवासी या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा माणसाचा हेतूही पाहतो. नोकरीसाठी देश सोडला की त्या कायद्याने तो माणूस अनिवासी होतो. १८२ दिवसांची वाट पाहावी लागत नाही. दसरा करून केनियास गेलेला आपला तंत्रज्ञ त्या वर्षी आयकरासाठी निवासी आणि चलन कायद्यासाठी अनिवासी, असा एकाच वेळी दोन्ही ठरतो.

याचा पहिला परिणाम बँकेतील खात्यावर होतो. साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. अनिवासी भारतीयास भारतात शेतजमीन, मळे किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलार्जित जमीन वारसाने मिळू शकते, निवासी असताना घेतलेली जमीन ठेवताही येते. पण नवी खरेदी नाही. आता आपल्या गावातील माणसाच्या मनातले पहिले स्वप्न कोणते? बाहेर चार पैसे मिळवावेत आणि बांधाला लागून असलेले शेजाऱ्याचे दोन एकर घ्यावेत! तो पैसे पाठवतो, घरचे लोक त्याच्या नावावर खरेदीखत करतात आणि पूर्ण प्रामाणिकपणे कायदा मोडतात. या कायद्याखाली गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. घामाचा पैसा, चांगला हेतू आणि तरीही गुन्हा, अशी ही विपरीत स्थिती आहे. आधी कोणी सांगितले असते, तर कायद्यात बसणारा दुसरा मार्ग निघाला असता.

उसाच्या उत्पन्नाचेही असेच. भारतात १८८६ च्या कायद्यापासून शेतीचे उत्पन्न केंद्राच्या आयकरातून वगळलेले आहे. म्हणून ते कोठेच दाखवावयाचे नसते, अशी आपली पक्की समजूत. पण अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना घेऊन राहणाऱ्या माणसाला जगभरचे उत्पन्न तेथे दाखवावे लागते आणि त्यात बारामतीच्या उसाचे पैसेही येतात. भारताने सोडलेला कर अमेरिका सोडत नाही. शिवाय अमेरिकेबाहेरील त्याच्या सर्व बँक खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर त्या खात्यांची वेगळी माहिती तेथील सरकारला द्यावी लागते. गावच्या बँकेत आईबरोबर काढलेले संयुक्त खातेही त्यातून सुटत नाही.

करार वाचण्याची कला

दोन्ही देशांनी एकाच माणसाला आपला निवासी म्हटले तर काय करावे? करारात त्यासाठी पायऱ्या दिलेल्या असतात. प्रथम पाहावे, त्याचे कायम घर कोठे आहे. दोन्हीकडे असेल तर त्याचे वैयक्तिक आणि आर्थिक संबंध कोणत्या देशाशी अधिक निकट आहेत ते पाहावे. तेही न ठरले तर तो सामान्यतः कोठे राहतो, मग नागरिकत्व, आणि शेवटी दोन्ही सरकारांनी आपसात ठरवावे.

आता या शब्दांकडे जरा थांबून पाहू. 'घर' म्हणजे काय? गावी वडिलांच्या नावावरचा वाडा आहे, त्यात या मुलाची खोली आहे, सणाला तो तेथे उतरतो. म्युनिकमध्ये त्याने भाड्याने सदनिका घेतली आहे. यांपैकी घर कोणते? पत्नी नोकरीमुळे पुण्यात, मुलगी तेथील शाळेत, गुंतवणूक भारतात आणि पगार जर्मनीत, तर 'निकट संबंध' कोठले? बेरीज-वजाबाकीने याचे उत्तर निघत नाही. त्या माणसाचे जीवन समजून घ्यावे लागते आणि करारातील शब्द त्यावर लावून पाहावा लागतो. करार सद्हेतूने आणि शब्दांच्या सर्वसाधारण अर्थाने, संदर्भ व प्रयोजन ध्यानात घेऊन वाचावा, हे तत्त्व १९६९ च्या व्हिएन्ना ठरावात नमूद आहे. कवितेचा किंवा संस्कृत श्लोकाचा अन्वय लावणाऱ्यास ही रीत अनोळखी वाटू नये.

पगाराविषयीचे कलम असेच काळजीपूर्वक वाचावे लागते. सर्वसाधारण नियम असा की, काम जेथे केले तेथे कर. त्यास अपवाद आहे: पुण्याच्या कंपनीने आपला माणूस चार महिन्यांसाठी जर्मनीला पाठवला, तर तीन अटी एकदम पुऱ्या झाल्यास जर्मनी कर घेत नाही. तेथील मुक्काम १८३ दिवसांहून अधिक नसावा. पगार देणारा मालक जर्मनीचा निवासी नसावा. आणि त्या पगाराचा बोजा मालकाच्या जर्मनीतील कायम कार्यालयावर पडलेला नसावा. लोक पहिली अटच लक्षात ठेवतात. "सहा महिन्यांच्या आत परत आलो म्हणजे कर नाही," हे वाक्य सर्रास ऐकू येते. तिन्ही अटींना जोडणारे 'आणि' हे अव्यय लोक विसरतात. केनियातील कारखान्याने नेमलेल्या आपल्या तंत्रज्ञाला ही सवलत मिळतच नाही, कारण त्याचा मालकच केनियाचा आहे. इटलीहून बारामतीस आलेल्या अभियंत्यालाही हेच कलम उलट्या बाजूने लागू पडते. इटलीशी आपला करार १९९३ साली झाला आहे.

दिलेल्या कराची वजावट

दोन्हीकडे कर लागलाच, तर परदेशात भरलेला कर भारतातील करातून वजा मिळतो. पण त्यास मर्यादा आहे. समजा, परदेशी पगार दहा लाख रुपये. त्यावर तेथे एक लाख वीस हजार कर भरला आणि भारताच्या हिशेबाने त्याच रकमेवर एक लाख ऐंशी हजार होतो. मग येथे फरकाचे साठ हजार भरावयाचे. उलट तेथे एक लाख ऐंशी हजार भरला आणि येथे एक लाख वीस हजारच होत असेल, तर वजावट एक लाख वीस हजारांचीच. वरचे साठ हजार भारत परत करत नाही. दोन दरांपैकी जो मोठा, तो शेवटी सोसावा लागतो.

ही वजावट आपोआप मिळत नाही. परदेशात कर भरल्याचा पुरावा, पगाराचे दाखले आणि ठरलेल्या नमुन्यातील अर्ज वेळेवर द्यावा लागतो. अनिवासी म्हणून भारतात कराराची सवलत हवी असेल, तर त्या देशाचा कर-निवासाचा दाखला लागतो. नोकरी सोडून परत आल्यावर जुन्या मालकाकडून असा कागद मिळवणे किती कठीण, हे सांगावयास नको. म्हणून परदेशी जाणाऱ्याने पासपोर्टवरील शिक्क्यांच्या प्रती, विमानाची तिकिटे, नेमणूकपत्र आणि दरमहाची पगारपत्रके एका पाकिटात जपून ठेवावीत. सल्लागार कितीही हुशार असला, तरी कागदावाचून त्याचे काही चालत नाही.

कराबरोबर सामाजिक सुरक्षेची वर्गणी कापली जाते, तिकडेही लक्ष हवे. बेल्जियमसारख्या काही देशांशी भारताचे करार आहेत. तेथे ठरावीक काळासाठी पाठवलेल्या कर्मचाऱ्याने आपल्या भविष्य निर्वाह निधी संघटनेचा दाखला नेला, तर तेथील वर्गणी वाचते. बेल्जियमचा करार २००९ पासून अमलात आहे. अमेरिकेशी असा करार नाही. तेथे पगारातून ७.६५ टक्के कापले जातात आणि निवृत्तिवेतनाचा हक्क येण्यास साधारण दहा वर्षांचे काम लागते. पाच-सहा वर्षांनी परतणाऱ्याचा तो पैसा बहुधा तेथेच राहतो.

परतीची वाट

परदेशातून कायमचे परत येणाऱ्यास कायद्याने थोडी उसंत दिली आहे. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, किंवा मागील सात वर्षांत जो ७२९ किंवा त्याहून कमी दिवस भारतात राहिला, तो निवासी असूनही 'सामान्यतः निवासी नाही' असा धरला जातो. त्याचे परदेशी उत्पन्न, तेथील ठेवींचे व्याज इत्यादी, त्या काळापुरते येथे करपात्र होत नाही. दहा वर्षे बाहेर राहून आलेल्यास अशी साधारण दोन वर्षे मिळतात. तेवढ्यात तेथील खाती, निधी, घर यांची व्यवस्था लावून घ्यावी, हा शहाणपणा.

ती मुदत संपली की परदेशातील प्रत्येक मालमत्ता विवरणपत्रात दाखवणे बंधनकारक होते. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात ही माहिती न देणाऱ्यास दहा लाख रुपये दंड सांगितला आहे. मालमत्ता गैरमार्गाने मिळवलेली असली पाहिजे असे नाही. न दाखवणे हाच दोष. लहान खातेदारांची होरपळ पाहून १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर मालमत्ता एकूण वीस लाखांपर्यंत असल्यास या दंडातून सूट दिली गेली. मात्र 'कोणाला कळणार आहे?' हा जुना आधार आता उरलेला नाही. २०१७ पासून अनेक देशांच्या बँका भारतीय निवाशांच्या खात्यांची माहिती आपापल्या सरकारमार्फत दरवर्षी भारताकडे धाडत आहेत.

सल्लागार नेमके काय करतो?

या व्यवसायाच्या दोन बाजू आहेत. एक बाजू कंपनीची. परदेशी पाठवलेल्या माणसाला कराच्या फरकामुळे तोटा होऊ नये व अवास्तव फायदाही होऊ नये, म्हणून मोठ्या कंपन्या करसमानतेची योजना ठेवतात. मायदेशी राहता तर जेवढा कर पडला असता तेवढाच कर्मचाऱ्याच्या पगारातून कापतात आणि प्रत्यक्ष कर दोन्ही देशांत कंपनी भरते. त्याचा हिशेब, दोन्हीकडची विवरणपत्रे आणि उगमस्थानी करकपात ही सल्लागाराची कामे. ही करकपात किती महत्त्वाची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ सालच्या एली लिली खटल्यात दिसून आले. परदेशी कंपनीने आपली माणसे भारतातील संयुक्त कंपनीत कामास पाठवली होती आणि त्यांच्या पगाराचा काही भाग मायदेशी दिला जात होता. काम भारतात झाले असेल, तर परदेशात दिलेल्या त्या भागावरही येथे करकपात झाली पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. मात्र प्रश्न वादाचा असल्याने प्रामाणिक समजुतीने वागणाऱ्यास दंड करू नये, असेही म्हटले.

दुसरी बाजू एकट्या माणसाची: परिचारिका, खलाशी, गवंडी, वीजतंत्री, साखर तंत्रज्ञ यांची. त्याच्या मागे कंपनीचा कर विभाग नसतो. पुण्या-मुंबईत बड्या संस्था आहेत, पण त्यांची फी त्याला परवडत नाही. आणि गावातील सल्लागाराला केनियाचा करार पाहण्याची वेळ कधी आलेली नसते. या दोहोंच्या मधली जागा अजून बव्हंशी रिकामी आहे. मराठीत समजावून सांगणारा, दिवस मोजून देणारा, खरेदीखतापूर्वी "थांबा" म्हणणारा माणूस तालुक्याच्या गावी हवा आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला वाव

भारतातील करकायद्याचे सर्वांत गाजलेले वकील नानी पालखीवाला यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून इंग्रजी साहित्यात एम. ए. केले होते. कायदा त्यानंतर आला. सर जमशेदजी कांगा यांच्यासह त्यांनी लिहिलेला आयकरावरील ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला आणि वकिलांच्या पिढ्यांनी तो वापरला. भाषेवरील प्रभुत्व हे त्यांचे मोठे शस्त्र होते. साहित्याचा अभ्यास कराच्या आड येत नाही, यापेक्षा चांगला दाखला कोणता द्यावा?

मार्गही अनेक आहेत. बी. ए. नंतर तीन वर्षांची कायद्याची पदवी घेता येते. साठ टक्के गुण मिळवलेल्या कला पदवीधराला सनदी लेखापालाच्या मध्यम परीक्षेस थेट प्रवेश मिळतो. अमेरिकेच्या कर विभागाची 'एनरोल्ड एजंट' ही तीन भागांची परीक्षा आहे. तीस पदवीची अट नाही आणि भारतातूनही ती देता येते. ब्रिटनमधील कर संस्थेची आंतरराष्ट्रीय करावरील पदविका आहे. सरकारच्या बाजूने काम करावयाचे असल्यास संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भारतीय महसूल सेवेत जाता येते. त्या अधिकाऱ्यांचे शिक्षण नागपूरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत होते. आपल्याकडे अर्थशास्त्राच्या वर्गात कराघाताची आणि करभाराची चर्चा होते, राज्यशास्त्रात सार्वभौमत्वाची, भूगोलात स्थलांतराची. या तिन्ही विषयांची गाठ या एका व्यवसायात पडते.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. हिशेबाचा कंटाळा करून चालणार नाही. इंग्रजी चांगले हवे. कायदा दर अर्थसंकल्पात बदलतो, म्हणून जन्मभर विद्यार्थी राहावे लागते. विवरणपत्रांच्या हंगामात रात्रीचा दिवस होतो. आणि एक मोह सतत समोर असतो. कायद्यातील सवलत दाखवून देणे वेगळे आणि उत्पन्न लपवण्यास मदत करणे वेगळे. ही रेघ ज्याला पुसट दिसते त्याने या वाटेस जाऊ नये.

समारोप

परदेशी गेलेला माणूस आपल्या जिरायती गावाच्या संसाराचा मोठा आधार असतो. त्याच्या पगारावर घराचे छप्पर बदलते, बहिणीचे लग्न होते, धाकट्याचे शिक्षण होते. तो पैसा कष्टाचा असतो आणि बहुधा स्वच्छही असतो. केवळ एका तारखेच्या, एका कागदाच्या किंवा एका 'आणि'च्या अज्ञानामुळे त्यावर डाग पडावा, ही खेदाची गोष्ट आहे. हे अज्ञान दूर करण्याचे काम शिकलेल्यांचे आहे. आपल्यापैकी काहीजणांनी ते पत्करले, तर त्यांना उपजीविका मिळेल आणि बाहेर गेलेल्यांची कमाई कायद्याच्या सरळ वाटेने घरी पोहोचेल.